‘पैसे तुम्हीच पाठवलेत’ हे उत्तर नव्हे

घराच्या बुकिंगची रक्कम ऑनलाइन फसवणुकीत गेली, की त्या कुटुंबाला सगळीकडे एकच वाक्य ऐकावं लागतं : पैसे तुम्हीच पाठवलेत. बँकेत ते मऊ आवाजात सांगितलं जातं, पोलीस ठाण्यात जरा चढ्या आवाजात, आणि नात्यागोत्यात ‘एवढं शिकूनसवरून’ अशी जोड देऊन. वाक्य खोटं नाही. खाते क्रमांक त्यांनीच भरला, ओटीपी त्यांनीच टाकला, शाखेत जाऊन आरटीजीएस केलं असेल तर अर्जावरची सहीही त्यांचीच. पण या खऱ्या वाक्याच्या आधारानं जो निवाडा केला जातो, तो मला मान्य नाही. तो निवाडा असा : पाठवणाऱ्यानं सावध राहायला हवं होतं, तो राहिला नाही, म्हणून नुकसान त्याचं, बाकी सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं.

बाकीच्यांनी काम चोख केलेलं नाही. घर घेणाऱ्याचे पैसे ज्या वाटेनं जातात, त्या वाटेवरची जुनी राखण काढून घेतली गेली, तिच्या जागी बरीच वर्षं काहीच ठेवलं गेलं नाही, आणि लुटल्या गेलेल्या माणसाला मात्र विचारलं जातं, की तू डोळे उघडे का ठेवले नाहीस.

जुनी राखण म्हणजे चेकवरचं नाव. बिल्डरच्या कंपनीच्या नावानं लिहिलेला, दोन रेघा मारलेला ‘अकाउंट पेयी’ चेक भलत्याच माणसाच्या खात्यात जमा झाला, तर जमा करून घेणारी बँक अडचणीत येत असे. 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम 131 अशा बँकेला संरक्षण देतं, पण अट घालून : पैसे गोळा करताना बँकेची वागणूक सचोटीची हवी आणि तिच्याकडून निष्काळजीपणा झालेला नको. खोट्या कागदांवर खातं उघडू दिलं, नाव न बघता चेक वटवला, तर संरक्षण गेलं. म्हणून काउंटरमागचा माणूस नाव वाचायचा. तो फार प्रामाणिक होता म्हणून नव्हे. न वाचण्याची किंमत त्याच्या बँकेला मोजावी लागली असती म्हणून.

मग एनईएफटी आणि आरटीजीएस आलं. ऑक्टोबर 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढून बँकांना मुभा दिली, की आलेली रक्कम निव्वळ खाते क्रमांकाच्या आधारे जमा करावी. क्रमांक बरोबर आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. व्यवहार झपाट्यानं व्हावेत यासाठी ते गरजेचं होतं, हे मी मान्य करतो. नावांची स्पेलिंगं जुळत नाहीत, एका अक्षरापायी रक्कम अडकते, या तक्रारी खऱ्या होत्या. पण त्या एका निर्णयानं जबाबदारी या काउंटरवरून त्या काउंटरवर सरकली नाही, ती थेट काउंटरच्या बाहेर उभ्या असलेल्या ग्राहकावर आली. शाखेतल्या आरटीजीएसच्या अर्जावर लाभार्थीच्या नावाचा रकाना तसाच राहिला. निवृत्त शिक्षक, शेत विकून मुलासाठी पुण्यात फ्लॅट घेणारे वडील, सगळे तो रकाना जपून, ठळक अक्षरांत भरत राहिले. त्यांना वाटत होतं, आपण बिल्डरच्या नावानं पैसे पाठवतो आहोत. प्रत्यक्षात ते एका आकड्याला पैसे पाठवत होते.

घरखरेदीतली फसवणूक याच फटीतून घुसते. प्रकार अनेक आहेत, पण गाभा एकच. बिल्डरच्या कार्यालयाचा किंवा एजंटाचा ईमेल कुणीतरी ताब्यात घेतो, आठवडाभर गुपचूप वाचत राहतो, आणि पैसे भरायच्या दिवशी मेल येतो : ऑडिट चालू असल्यामुळे जुनं खातं बंद आहे, रक्कम खालील खात्यात भरावी. भाषा तीच, लोगो तोच, फ्लॅटचा क्रमांक आणि रक्कम अचूक. किंवा समाजमाध्यमावर नामांकित प्रकल्पाची जाहिरात दिसते, फोन केला की लाघवी आवाजातला ‘सेल्स मॅनेजर’ शेवटचे दोन फ्लॅट उरल्याचं सांगतो आणि टोकन मागतो. किंवा बदली झालेला लष्करी अधिकारी असल्याची बतावणी करून कुणी आपलं घर स्वस्तात देऊ करतो. किंवा म्हाडाच्या घरासाठी ‘आतून’ काम करून देणारा भेटतो. 2024 मध्ये तर म्हाडाच्या संकेतस्थळाची नक्कल असलेलं बनावट संकेतस्थळच निघालं आणि म्हाडाला पोलिसांकडे जावं लागलं. यातल्या प्रत्येक गोष्टीत शेवटी एक खाते क्रमांक येतो, आणि त्या क्रमांकामागे कोण आहे हे ग्राहकाला दिसत नाही.

‘सावध राहा’ म्हणणारे या ठिकाणी आपली यादी पुढं करतात. मेलचा पत्ता अक्षर न् अक्षर तपासा, बिल्डरला फोन करून खात्री करा, घाई करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सल्ले चांगले आहेत आणि मीही ते लोकांना देतो. पण घर घेणारा माणूस त्या आठवड्यात कसा असतो, याचा विचार या यादीत नाही. तो आयुष्यात हा व्यवहार एकदा करतो, फार तर दोनदा. त्याला बँकेच्या कर्जविभागाकडून रोज फोन येत असतात, वकील कागद मागत असतो, भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढायचा अर्ज अडकलेला असतो, जुन्या घराचा मालक जागा रिकामी करा म्हणत असतो. त्यात कंपनीचं नाव एक, प्रकल्पाचं दुसरं, जमीनमालकाचं तिसरं आणि ज्या भागीदारी संस्थेच्या खात्यात पैसे जायचे तिचं चौथं, असा प्रकार महाराष्ट्रात सर्रास असतो. अनोळखी नावाचं खातं पाहून संशय यावा, अशी अपेक्षा त्या माणसाकडून ठेवता येत नाही, कारण खऱ्या व्यवहारातही खातं अनोळखी नावाचंच असतं. परदेशात राहून पुण्या-नाशिकला घर घेणाऱ्या मराठी माणसाचं तर सगळं व्हॉट्सॲपवरच चालतं. त्यानं साइट पाहिलेली असते ती त्याच्या भावानं धरलेल्या कॅमेऱ्यातून.

समोरचा माणूस मात्र हे काम रोज करतो. त्याचा तो धंदा आहे. आयुष्यात एकदा व्यवहार करणाऱ्यानं रोज फसवणाऱ्यावर नजरेच्या बळावर मात करावी, असं धोरण जे आखतात, त्यांनी नुकसान कुणाचं होणार हे आधीच ठरवलेलं असतं.

दुसरं उत्तर मिळतं ते हेल्पलाइनचं. 1930 या क्रमांकाबद्दल मला आदर आहे. 2021 पासून चालू असलेल्या या व्यवस्थेमुळे अनेकांचे पैसे वेळेत गोठवले गेले आहेत. पण तिचं यश तक्रार किती लवकर येते यावर उभं आहे. रक्कम पहिल्या खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून दहा खात्यांत काही तासांत फुटते; त्याआधी खबर पोचली तर काही हाती लागतं. कार्डावरून पैसे गेले तर एसएमएस येतो आणि माणूस दचकून लगेच फोन करतो. घराच्या पैशांचं तसं नसतं. पैसे भरल्यावर माणूस निश्चिंत होतो. पावती येईल, वाटपपत्र येईल म्हणून थांबतो. ठगच त्याला एक नीटनेटकी पावती पाठवतो. ‘तुमचा हप्ता अजून आलेला नाही’ असं खरा बिल्डर विचारतो तेव्हा फसवणूक उघड होते, आणि तोवर अनेक दिवस गेलेले असतात. ज्या गुन्ह्याचा पत्ताच उशिरा लागतो, त्यावर ‘पहिल्या तासात कळवा’ हा उपाय लागू पडत नाही. या गुन्ह्याला पैसे जाण्याआधीच अडवावं लागतं.

ते जमणार नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं याच घराच्या व्यवहारात सरकारचा वाटा कसा जातो ते पाहावं. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी आपण ग्रास प्रणालीवर भरतो. चलनाला क्रमांक मिळतो. दुय्यम निबंधक कार्यालयात तो क्रमांक तपासला जातो आणि नोंदणीच्या वेळी चलन ‘डिफेस’ केलं जातं, म्हणजे तेच चलन पुन्हा वापरता येऊ नये अशी तजवीज आहे. तपासणी झाल्याशिवाय दस्त पुढं सरकत नाही. प्राप्तिकराचंही तसंच. 1 जून 2013 पासून 50 लाख किंवा त्याहून जास्त किमतीची मालमत्ता घेणाऱ्यानं एक टक्का कर कापून विक्रेत्याच्या पॅनवर भरायचा असतो. म्हणजे त्या एक टक्क्यासाठी विक्रेता कोण, त्याची ओळख काय, हे सरकारनं कागदावर आणलं. एकाच घरासाठी, एकाच महिन्यात, एकाच कुटुंबाच्या खिशातून निघणाऱ्या पैशांपैकी सरकारचा हिस्सा ओळखीसकट, क्रमांकासकट, तपासणीसकट जातो. आणि त्या कुटुंबाची आयुष्यभराची बचत पीडीएफमध्ये आलेल्या एका आकड्याच्या भरवशावर. हे तंत्रज्ञानाचं अपयश असतं तर दोन्ही ठिकाणी दिसलं असतं. सरकारनं आपल्या पैशांची काळजी घेतली, नागरिकाच्या पैशांची घेतली नाही, एवढाच याचा अर्थ मला लागतो.

शेअर बाजाराकडे पाहा. आयपीओसाठी अर्ज करणाऱ्यांचे पैसे पूर्वी कंपनीच्या बँकेकडे जात आणि शेअर मिळाले नाहीत तर परताव्याची वाट पाहत बसावं लागे. सेबीनं 2008 मध्ये अस्बा आणलं आणि 2016 पासून तीच पद्धत सगळ्यांसाठी सक्तीची केली. अर्ज केल्यावर रक्कम आपल्याच खात्यात अडवून ठेवली जाते, व्याज आपल्यालाच मिळतं, शेअर मिळाले तरच ती जाते. पंधरा हजारांच्या अर्जाला हे संरक्षण आहे. आठ लाखांच्या बुकिंगला नाही.

म्हाडाच्या सोडतीला हे आजही लागू करता येईल. 2024 च्या मुंबईच्या सोडतीत 2,030 घरांसाठी लाखाहून अधिक अर्ज आले. प्रत्येकानं अनामत रक्कम भरली आणि त्यातल्या बहुसंख्यांना ती परत मिळायचीच होती. मग ती घेतलीच का जावी? ती अर्जदाराच्या खात्यात अडवून ठेवली, तर अर्जदाराची सोय होईल हा छोटा लाभ. मोठा लाभ वेगळाच : म्हाडा कुणाकडूनही सोडतीआधी पैसे पाठवून घेत नाही, हे एकदा सर्वांना ठाऊक झालं, की पैसे पाठवा म्हणणारं प्रत्येक संकेतस्थळ आणि प्रत्येक दलाल आपोआप उघडा पडतो. आज खरं संकेतस्थळही पैसे मागतं आणि बनावटही मागतं, मग सामान्य माणसानं ओळखायचं कशावरून? पत्त्याच्या पट्टीतल्या दोन अक्षरांवरून?

आता माझ्या प्रतिपक्षाचा सगळ्यांत भक्कम मुद्दा. ते म्हणतील, तुम्ही जुन्या गोष्टी उगाळता आहात. 1 एप्रिल 2025 पासून एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये लाभार्थीचं नाव आधी पाहण्याची सोय बँकांना द्यावी लागली आहे, शाखेत येणाऱ्यालाही, आणि तीही मोफत. हे खरं आहे आणि ही फार चांगली सुधारणा आहे. तिला पंधरा वर्षं लागायला नको होती, पण ती झाली. मात्र तिनं प्रश्न सुटला, असं म्हणणं चूक आहे. ही सोय वापरायची की नाही हे ग्राहकानं ठरवायचं आहे. नाव वेगळं दिसलं तरी पैसे पाठवायला आडकाठी नाही. आणि मुख्य म्हणजे, दिसलेलं नाव बरोबर आहे की चूक हे ठरवायला ग्राहकाकडे दुसरी खात्रीची नोंद लागते. पडद्यावर एखाद्या ‘रिअल्टी एलएलपी’चं नाव आलं, तर ती त्याच प्रकल्पाची आहे हे त्यानं कुठं पाहायचं? ठगांनाही हे कळतं. प्रकल्पाशी मिळत्याजुळत्या नावाची फर्म काढून चालू खातं उघडणं त्यांना अवघड नाही. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी नाव दिसायची सोय किती तरी आधीपासून आहे, तरी तिथल्या फसवणुकी थांबल्या नाहीत. नाव दाखवलं, पण ते नाव कशाशी जुळवायचं ते सांगितलं नाही.

नाव जुळवण्याची नोंद आपल्याकडे जवळजवळ तयार आहे, म्हणून तर जास्त खंत वाटते. रेरा कायद्यानं ग्राहकांच्या रकमेतले 70 टक्के स्वतंत्र खात्यात ठेवणं बंधनकारक केलं. महारेरानं त्यापुढं जाऊन जुलै 2024 पासून प्रत्येक प्रकल्पासाठी एकाच बँकेत तीन खाती सक्तीची केली : ग्राहकांकडून येणारी सगळी रक्कम आधी संकलन खात्यात, तिथून 70 टक्के स्वतंत्र खात्यात, उरलेली व्यवहार खात्यात. देशात फार थोड्या ठिकाणी एवढी बारकाईची शिस्त आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या प्रत्येक नोंदणीकृत प्रकल्पाला ग्राहकाचे पैसे घेण्यासाठी एकच वैध दार आहे. पण या दाराचा पत्ता ग्राहकाला केव्हा मिळतो? करारनाम्यात, वाटपपत्रात. आणि फसवणूक होते त्याआधी, बुकिंगच्या आठवड्यात. बिल्डरनं आपले पैसे दुसरीकडे वळवू नयेत यासाठी ही तीन खाती आली, आणि तेवढं काम ती करतील. तिसऱ्याच कुणी मध्येच येऊन पैसे पळवले, तर तो बिल्डर नाही, एजंट नाही, ग्राहक नाही. महारेराच्या कक्षेतच तो येत नाही. ‘रेरा आहे ना’ असं म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. रेरा बिल्डरपासून राखतं. बिल्डरचं सोंग घेणाऱ्यापासून राखायची व्यवस्था अजून उभारायची आहे.

इथं बिल्डरांनाही सोडता येत नाही. प्रकल्पाची नोंदणी होण्याआधी जाहिरात किंवा बुकिंग करायला कायद्याची बंदी आहे. तरी ‘इरादापत्र’, ‘प्री-लाँच’, ‘प्राधान्य टोकन’ अशा नावांनी, व्हॉट्सॲपवर लिंक पाठवून, आज रात्री बारापर्यंतच हा भाव असं सांगून पैसे घेतले जातात. चांगली नावं असलेले विकासकही हे करतात. अशा प्रत्येक व्यवहारातून ग्राहकाला शिकवण मिळते, की घराचे पैसे असेच भरायचे असतात : घाईनं, फोनवर, करार पाहण्याआधी. ठगाला नवी युक्ती शोधावी लागत नाही. बाजारानं लावलेली सवय त्याला आयती मिळते. ज्यांनी ही सवय लावली, त्यांनी फसलेल्याला घाईबद्दल बोल लावू नये.

आता भरपाईच्या प्रश्नाकडे येतो, कारण खरा वाद तिथं आहे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानं ग्राहकाला मोठं संरक्षण दिलं : त्याच्या परवानगीशिवाय पैसे गेले, त्यात त्याची चूक नसली आणि त्यानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान त्याचं नाही. पण हे संरक्षण परवानगीशिवायच्या व्यवहारांना. घर घेणाऱ्यानं तर परवानगी दिलेली असते. फसवून घेतलेली, पण दिलेली. तिथं 2017 चं परिपत्रक त्याच्या कामी येत नाही.

असं का असावं? फसवून घेतलेली संमती ही पूर्ण संमती नसते, हे तर करारकायद्याचं जुनं तत्त्व आहे. ब्रिटननं ते पैशांच्या व्यवहाराला लावलं. तिथं घर घेणारे वकिलाच्या खात्यात अनामत भरतात, आणि वकिलाचा मेल ताब्यात घेऊन खाते क्रमांक बदलणारे ठग इतके माजले, की त्या गुन्ह्याला ‘शुक्रवार दुपारची फसवणूक’ असं नावच पडलं, कारण घरांचे बरेच व्यवहार शुक्रवारी पुरे होतात आणि शनिवार-रविवारी कुणी पाहायला नसतं. तिथल्या मोठ्या बँकांनी 2020 मध्ये नाव जुळवण्याची सोय आणली. तेवढ्यानं भागत नाही असं दिसल्यावर 7 ऑक्टोबर 2024 पासून भरपाई सक्तीची झाली : ग्राहकानं स्वतः पाठवलेले पैसे असले तरी 85 हजार पौंडांपर्यंत परत, आणि तो भार पैसे पाठवणारी बँक आणि पैसे स्वीकारणारी बँक यांनी निम्मानिम्मा उचलायचा. ही मर्यादा आधी 4 लाख 15 हजार पौंड ठरली होती; बँकांच्या विरोधानंतर ती खाली आली, आणि मोठ्या अनामत रकमा त्यामुळे पूर्ण झाकल्या जात नाहीत. ती व्यवस्था निर्दोष नाही. पण स्वीकारणाऱ्या बँकेला तिनं हिशेबात आणलं. ज्या बँकेनं ठगाला खातं उघडू दिलं, तिला न उघडू देण्यात पहिल्यांदाच स्वतःचा फायदा दिसू लागला.

भरपाई मिळते म्हटल्यावर लोक बेफिकीर होतील, हा आक्षेप मी अनेक समंजस माणसांकडून ऐकला आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. घराचे पैसे भरताना माणूस बेफिकीर होऊ शकत नाही. पैसे परत मिळायला अर्ज, चौकशी, आठवडे लागतात. तोवर बुकिंग रद्द होतं, कर्जाची मंजुरी संपते, भाव वाढतो. हे सगळं पत्करून कुणी जाणूनबुजून ठगाला पैसे देईल, असं समजणं मनुष्यस्वभावाला धरून नाही. शिवाय ब्रिटनमध्येही घोर निष्काळजीपणा सिद्ध झाला तर भरपाई नाकारता येते. आणि दोष वाटून घेण्याचं उदाहरण आपल्या राज्यातच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव न्यायनिर्णय अधिकारी असतात. 2013 मध्ये महाराष्ट्राच्या सचिवांनी पुण्यातल्या एका उद्योगाच्या तक्रारीवर निर्णय दिला होता. फसव्या मेलला बळी पडून त्या उद्योगाच्या खात्यातून सुमारे 80 लाख रुपये गेले होते. तक्रारदाराचीही चूक होती, हे मान्य करूनच बँकेला 45 लाख द्यायला सांगितलं गेलं, कारण ज्या खात्यांत पैसे गेले ती उघडताना आणि चालवताना घ्यायची काळजी बँकेनं घेतली नव्हती. ग्राहकाची चूक आणि बँकेची चूक एकाच वेळी खरी असू शकते, हे तेव्हा एका अधिकाऱ्यानं स्वच्छ मांडलं. त्याचा नियम व्हायला हवा होता, तो अजून व्हायचा आहे.

खर्चाचा आक्षेपही येतो : भरपाईचा भार शेवटी सगळ्याच ग्राहकांवर पडेल. पडेल, आणि त्यात काही गैर नाही. बँक बुडाली तर ठेवीदाराला विमा महामंडळ पाच लाखांपर्यंत देतं. त्याचा हप्ता सगळ्या बँका भरतात. 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा मुंबईतल्या ठेवीदारांच्या रांगा आपण पाहिल्या. त्यांना कुणी म्हणालं नाही, की बँक तुम्हीच निवडली होती, मग भोगा. उलट त्यानंतर संरक्षणाची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली. ठेव सुरक्षित हवी हे आपण मान्य केलं. तीच ठेव घरासाठी बाहेर पडली, की रस्त्यावरच्या तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी कुणाचीच नाही, हे कोणत्या न्यायाला धरून आहे? खर्च आजही आहेच. 2024 या एका वर्षात सर्व प्रकारच्या सायबर फसवणुकींत 22,845 कोटी रुपये गेल्याचं लोकसभेत सांगण्यात आलं. त्याआधीच्या वर्षी हा आकडा 7,465 कोटी होता. हा खर्च आज एकेक कुटुंब एकट्यानं भरतं आहे, आणि भाड्यानं दिलेल्या खात्यांतून तो ज्यांच्याकडे जातो, त्यांची खाती चालवणाऱ्या बँकांना त्यातलं काहीच सोसावं लागत नाही.

व्यवहार संथ होतील हा आक्षेप मात्र घराच्या बाबतीत मला समजतच नाही. कर्जमंजुरीला आठवडे लागतात, नोंदणीची वेळ मिळायला दिवस जातात, ताबा मिळायला वर्षं. नव्या खात्यावर पहिल्यांदाच जाणारी मोठी रक्कम एक दिवस थांबली आणि तेवढ्यात ग्राहकाला ती मागे घेता आली, तर कुणाचं काय बिघडतं? ज्याला तो एक दिवस परवडत नाही, त्याच्याबद्दलच शंका घ्यायला हवी.

पुनर्विक्रीच्या घरांचा प्रश्न वेगळा आणि अवघड आहे. तिथं रेरा नाही, संकलन खातं नाही, दोन माणसं आणि एक इसारपावती. तिथं रक्कम ग्राहकाच्याच खात्यात अडवून ठेवण्याची अस्बासारखी सोय बँकांनी द्यावी आणि नोंदणी झाल्यावर ती मोकळी करावी, याहून चांगला मार्ग मला दिसत नाही. नवीन प्रकल्पांत मात्र वाट पाहण्याचं कारण नाही. कराराची नोंदणी होईपर्यंत 10 टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असं रेराचं कलम 13 सांगतं. म्हणजे सर्वांत जोखमीची रक्कम कायद्यानं आधीच ठरवून दिली आहे. 80 लाखांच्या फ्लॅटला ती आठ लाख होते. एवढ्याच रकमेची राखण करायची आहे.

आणि ती करायला महारेराला नव्या कायद्याची गरज नाही. कलम 37 खाली विकासकांना आणि एजंटांना बंधनकारक निर्देश देण्याचा अधिकार तिच्याकडे आहे. ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं तिनं सक्तीचं केलेलं आहे. तो कोड मोबाइलवर उघडला, की कागदपत्रांच्या गर्दीत शोधायला न लावता, पहिल्याच पडद्यावर संकलन खात्याचं पूर्ण नाव, बँक आणि क्रमांक दिसावा. खातं बदललं तर आधी तिथं बदलावं आणि बदल झाल्याची तारीख दिसावी. बुकिंगची रक्कम या खात्याखेरीज कुठंही मागितली, तर विकासकाला आणि एजंटाला दंड व्हावा. रिझर्व्ह बँकेनं ही यादी बँकांच्या नाव पाहण्याच्या सोयीला जोडून घ्यावी, म्हणजे घराच्या बुकिंगसाठी म्हणून पैसे पाठवणाऱ्याला ‘हे खातं या नोंदणीकृत प्रकल्पाचं आहे’ किंवा ‘नाही’ एवढं पडद्यावर कळेल. आणि ‘नाही’ असं कळण्याची सोय न देता ज्या बँकेनं रक्कम जाऊ दिली, आणि ज्या बँकेनं ती ठगाच्या खात्यात जमा करून घेतली, त्या दोघींनी ती निम्मीनिम्मी परत करावी.